एकोणिसाव्या प्रकरणातलं मरण

...आणि वर मलाच विचारतात, तुला कुणी सांगितला होता हा उद्योग! अहो, मी कसला उद्योग करणार? मी फक्त टाइप करतो. सर लिहितात, मी टाइप करतो, छापखानेवाले छापतात, लोक वाचतात किंवा वाचल्यासारखं करतात, आणि त्यात कोण मेलं, कोण वाचलं, कुणाचं लग्न कुणाशी लागलं याच्याशी माझा काडीचाही संबंध नाही... नव्हता. म्हणजे एकवीस वर्षं नव्हता. आता ऐकताच आहात तर पहिल्यापासून सांगतो, फक्त मध्ये बोलू नका, कारण मी एकदा थांबलो की कुठं होतो ते मला आठवत नाही.

तर सर. सर म्हणजे कादंबरीकार, आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, सतरा कादंबऱ्या झाल्यात, प्रत्येक बरोबर तीनशे चाळीस पानांची. अक्षर असं की जगात दोनच माणसांना लागतं, एक मी, आणि तब्येत बरी असेल त्या दिवशी ते स्वतः. आणि त्यांची पद्धत माहितीये? एकदा लिहिलं की परत वाचायचं नाही! हस्तलिखित नाही, मी टाइप केलेलं नाही, छापलेलं पुस्तकसुद्धा नाही. का, तर म्हणे लिहून झालं की ते घडून गेलं, आणि घडून गेलेल्यात हात घालणारा मी कोण? पानं तेवढी मोजतात. मी गठ्ठा नेऊन ठेवला की अंगठ्याला थुंकी लावून तीनशे चाळीस मोजतात, मान हलवतात आणि गठ्ठा प्रकाशकाकडे. प्रकाशक पहिलं पान वाचतो, शेवटचं वाचतो आणि मधल्यांवर विश्वास ठेवतो. म्हणजे बघा, सरांच्या डोक्यातून निघालेली कादंबरी छापखान्यात पोचेपर्यंत ती अक्षरन् अक्षर वाचणारा माणूस या जगात एकटा मी. तेव्हा मला हे कधी मोठं वाटलं नाही.

आणि सतराही कादंबऱ्यांत विषय एकच, नियती. पहिल्या प्रकरणात कुठंतरी एक खूण दिसणार, बंद पडलेलं घड्याळ म्हणा, तडकलेला आरसा म्हणा, तुटकी पायरी म्हणा, आणि आपण ओळखायचं की हा गडी आता तीनशे पानांच्या आत जाणार. मग तो पळतो, गाव बदलतो, नाव बदलतो, दाढी वाढवतो, काही उपयोग नाही, सर गाठतातच त्याला! एखाद्या वाचकानं हात जोडून विचारलं की सर, त्या बिचाऱ्याला जगू दिलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं, तर डोळे मिटून म्हणणार, "पात्रं माझ्या हातात नसतात." मला याची नेहमी गंमत वाटायची, कारण हाच माणूस सलूनच्या खुर्चीत बसला की भांग डावीकडं पाडायचा का उजवीकडं हे त्याला ठरवता येत नाही, पाच मिनिटं आरशात बघत बसतो आणि शेवटी माझ्या भावाला म्हणतो, तुला बरं वाटेल तिकडं पाड. पण मला काय करायचंय, मी फक्त टाइप करतो.

हां, माझा भाऊ. दादा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आम्ही दोघं एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहतो, आणि तळमजल्यावर त्याचं सलून. मध्ये बेचाळीस पायऱ्या. लिफ्ट नाही, आणि लागलीही नव्हती कधी, कारण दादा त्या बेचाळीस पायऱ्या दिवसातून चार वेळा करायचा, सकाळी खाली, दुपारी जेवायला वर, परत खाली, संध्याकाळी वर, तेही गुणगुणत. कंगवा कानामागे, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "मान खाली" एवढंच बोलणार. सर गेली वीस वर्षं त्याच्याकडंच केस कापतात. आता दाढी करताना वस्तऱ्यावर फेस येतो, तो पुसायला कागद लागतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तर दादाच्या सलूनमध्ये हा कागद कोण पुरवतं? मी! टाइप करताना पानं वाया जातात, कधी शाई फिकी येते, कधी कागद तिरका जातो, त्यांचा ढीग मी आठवड्याला नेऊन देतो. म्हणजे आमच्या गल्लीत ज्यांना साहित्यात काडीचा रस नाही अशा माणसांच्या दाढ्यासुद्धा सरांच्या कादंबऱ्यांवर पुसल्या गेल्यात.

आणि माझ्या हातून काय चूक झाली ती एवढीच, की सतराव्या कादंबरीचं पान दोनशे अकरा फिकं आलं आणि मी ते ढिगात टाकलं. दुसरं काही नाही. एक फिकं पान!

दादा एका गिऱ्हाइकाचा डावा गाल करत होता. वस्तरा पुसायला कागद उचलला आणि सहज नजर गेली... "कंगवा कानामागे ठेवून न्हावी पहाटे जिना उतरू लागला. बेचाळीस पायऱ्या. रोजच्याच. तो जपून पाय टाकत होता. सतराव्या पायरीचा कोपरा तुटला होता हे त्याला माहीत होतं. तरीही त्याचा तोल गेला." आणि खाली एकच ओळ, "गावाला त्या दिवशी आरसा राहिला नाही." आमच्या जिन्याच्या सतराव्या पायरीचा कोपरा तुटलाय. गेली अकरा वर्षं तुटलाय. दादानं वस्तरा खाली ठेवला, बाकावर जाऊन बसला, आणि ते गिऱ्हाईक बिचारं अर्धा तास वाट बघून एका गालानं घरी गेलं.

त्या दुपारी दादा जेवायला वर आला नाही. संध्याकाळी आला नाही. वहिनी गॅलरीतून हाक मारतायत, तर खालून म्हणतो, मी इथंच झोपतो! मला वाटलं, भांडण झालं असेल, दोन दिवसांत निवळेल. मग कळलं. मी खाली गेलो, म्हटलं, दादा, अरे ती कादंबरी आहे. तर तो शांतपणे बोटं मोजायला लागला, की त्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला सरांनी आंधळा केला, त्याला मोतीबिंदू झाला की नाही? त्या दातांच्या डॉक्टरची बायको सरांच्या पुस्तकात मंगळवारी निघून गेली, खरी गेली की नाही? मी म्हटलं, खरी बुधवारी गेली. तर म्हणतो, एका दिवसानं काय होतं! अहो, सतरा कादंबऱ्यांत मिळून तीनशे माणसं आहेत, तीनशे माणसांना काही ना काही होतच राहणार, पण हे खाली बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला कोण समजावणार? म्हटलं, मग जपून उतरत जा. तर म्हणाला, "तोही जपूनच उतरत होता. वाच ना. लिहिलंय." आणि खरंच लिहिलं होतं हो, मीच टाइप केलं होतं!

बरं, त्याचं तर्कशास्त्र बघा. वर गेलो की खाली यावं लागणार, खाली येताना पडणार, म्हणून वरच जायचं नाही. आणि याला तो नाव काय देतो? इच्छास्वातंत्र्य! हा शब्द तो कुठं शिकला, तर तोही दाढी पुसतानाच. म्हणे नियतीनं ठरवलं असेल काहीही, मी चढतच नाही, बघू काय करते. वहिनी वरून म्हणाल्या, छान स्वातंत्र्य आहे, सहा फुटांचा माणूस चार फुटांच्या बाकावर.

तुम्हाला हसू येतंय. मलाही पहिला आठवडा आलं. पण मग महिना झाला. वहिनी दोरीला पिशवी बांधून डबा खाली सोडायच्या, तो रिकामा डबा वर पाठवायचा, आणि नवरा-बायकोचं सगळं बोलणं तीन मजल्यांवरून मोठ्यानं, म्हणजे भाजीत मीठ कमी पडलंय इथपासून तुला आठवण येते का इथपर्यंत अख्ख्या गल्लीला ऐकू. "आठवण येते का" हे एकदाच विचारलं वहिनींनी, मग नाही विचारलं. आमच्याकडं येऊन बसायच्या, बोलायच्या काही नाहीत. आणि दादा वस्तऱ्याला हात लावेना. दाढ्या बंद केल्या, फक्त केस. मला त्याचं फार वाईट वाटायचं, रागही यायचा, आणि सगळ्यात जास्त राग त्या फिक्या पानाचा. पण एक सांगू? पुढच्या आठवड्याच्या ढिगातून त्यानं आणखी दोन तिरकी पानंही शोधून काढली होती, विसाव्या प्रकरणातली, न्हाव्याच्या अंत्ययात्रेची, पहिलं आणि अकरावं, ज्यात अख्खं गाव दुकानं बंद करून रस्त्यावर येतं, आणि ती फेस वाळवून आरशामागे जपून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाला, पुरावा म्हणून.

शेवटी गेलो सरांकडं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मजकुराबद्दल तोंड उघडलं. म्हटलं, सर, तो न्हावी माझा भाऊ आहे. सर म्हणाले, तो तुझा भाऊ नाही, ती एक प्रवृत्ती आहे. म्हटलं, सर, ती प्रवृत्ती दीड महिना बाकावर झोपतेय, तेवढं पडणं काढता आलं तर बघा. त्यावर सरांनी मला दोन तास बसवलं! जुन्या शोकांतिका काढल्या, त्यात माणूस भविष्य चुकवायला म्हणून जी वाट धरतो तीच त्याला त्या भविष्याकडं नेते, म्हणून पळण्यात अर्थ नाही. मग तत्त्वज्ञान काढलं, की माणसाला वाटतं आपण निवडतो, पण ती निवड आधीच झालेली असते, आपल्याला फक्त उशिरा कळवतात. म्हटलं, सर, मग तुम्ही ही कादंबरी लिहायचं ठरवलंत तेही...? तर म्हणाले, मी ठरवलं नाही, ती आली. आणि डोळे मिटले. पात्रं माझ्या हातात नसतात! मी नमस्कार केला आणि घरी येऊन टाइप करायला बसलो, कारण प्रकरण एकोणीस नीट छापायचं राहिलंच होतं.

पान दोनशे अकरा. "तरीही त्याचा तोल गेला." पुढं पूर्णविराम. आणि पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकतेय. समोरच्या दारातून वहिनी दोरीला पिशवी बांधताना दिसतायत. मी तुम्हाला खरं सांगतो, मी काही ठरवलं नाही... म्हणजे सरांसारखं नाही म्हणत, खरंच ठरवलं नाही. बोटं गेली. मी लिहिलं, "पण त्यानं कठडा धरला." चार शब्द! आयुष्यात मी स्वतःच्या मनानं टाइप केलेले पहिले चार शब्द. आणि मी टेबलाची कड अशी घट्ट धरली, जसा काही मीच जिन्यावर उभा होतो.

मला वाटलं, झालं. जगला. संपलं. संपतंय कसलं! तुम्हाला कल्पना नाही, एका माणसाला जिवंत ठेवायचं म्हणजे किती काम असतं. मारायला एक ओळ पुरते, आणि जगवला की पुढची सव्वाशे पानं अंगावर येतात. लगेच पुढच्या पानावर कादंबरीचा नायक, म्हणजे गावातला शाळामास्तर, न्हाव्याच्या मृतदेहाशेजारी उभा राहून मृत्यू आणि नियती यावर तीन पानी भाषण करतो. सरांचा सगळ्यात लाडका भाग! आता मृतदेहच नाही तर भाषण कुठं करू? तीन पानं काढावी तर मोजणीत कमी पडणार. शेवटी न्हाव्याचा पाय मुरगळला असं केलं. म्हणजे न्हावी पायरीवर घोटा धरून बसलाय, आणि मास्तर त्याच्यासमोर उभा राहून तीन पानं, "गेलास मित्रा, आपण सगळेच जाणार," आणि तो आपला बघतोय. मग विसावं प्रकरण, अंत्ययात्रा, अकरा पानं. ती काढली आणि तिथं सरांच्याच जुन्या कादंबऱ्यांतली नदीची वर्णनं उचलून भरली. अकरा पानं नुसती नदी. काय करणार, पानं मोजतात हो ते!

आणि चोविसावं प्रकरण. तिथं मी पार अडकलो. चोविसाव्यात न्हाव्याच्या विधवेचं लग्न होतं. कापडवाल्याशी. आता नवरा जिवंत, समोर बसलेला, पाय शेकतोय, आणि बायकोचं लग्न लावणार कसं? गेलो वहिनींकडं. म्हटलं, वहिनी, एक गोष्ट कुणाला सांगायची नाही, मी दादाला वाचवलाय, पण पुढं तुमचं दुसरं लग्न होतंय, काय करू? वहिनींनी चोविसाव्याची, मी टाइप केलेली आठ पानं उभ्या उभ्या वाचली. मग बसून परत वाचली. छान लिहिलंय सरांनी ते, खोटं कशाला बोलू, तो कापडवाला तिच्या घराला निळे पडदे शिवतो वगैरे. पानं परत देत म्हणाल्या, करा भाऊजी, तुम्हाला काय करायचं ते. मी मग न्हाव्याच्या बायकोची एक मावसबहीण आणली, गाडीतून उतरवली, आणि तिचं लावून दिलं. कोण, कुठली, कशाला आली, काही नाही. तेवीस प्रकरणं जिचा पत्ता नाही ती चोविसाव्यात येते आणि लग्न करून जाते.

दादाला लगेच सांगितलं की तू वाचलास. तर म्हणाला, छापून येऊ दे. टाइप केलेल्यावर काय विश्वास ठेवायचा, तू फक्त टाइप करतोस. बघा, आता तोही!

पुस्तक यायला आणखी साडेतीन महिने गेले. प्रकाशन समारंभ झाला. मला वाटत होतं, आज माझं काही खरं नाही, कुणीतरी उठणार आणि म्हणणार, ही मावसबहीण कोण? बोलायला बोलावलं होतं तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांना. ते उभे राहिले, पुस्तक उघडलं, पान दोनशे अकरा. मी मान खाली घातली. म्हणाले, सोळा कादंबऱ्या या लेखकानं आपल्याला नियतीच्या बंद खोलीत ठेवलं, आणि सतराव्यात, जेव्हा सगळ्या खुणा मरणाकडं बोट दाखवतायत, तेव्हा तो चार शब्दांत दार उघडतो. "पण त्यानं कठडा धरला." हे चार शब्द म्हणजे मानवी इच्छास्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे! आणि जिवंत माणसापुढं केलेलं ते मृत्यूचं भाषण, केवढा उपरोध! आणि ती अकरा पानं वाहणारी नदी, म्हणजे मरण टळल्यावर पुढं वाहत राहिलेलं आयुष्य! मावसबहीणसुद्धा सोडली नाही त्यांनी, म्हणे ती म्हणजे शुद्ध आकस्मिकता. टाळ्या. मी शेवटच्या रांगेत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिखाणावर टाळ्या पडतायत आणि मला हात वर करायची सोय नाही!

सर व्यासपीठावर चुळबुळ करत होते. कार्यक्रम संपल्यावर माझं कोपर धरून बाहेर घेऊन आले. हळूच म्हणाले, "कोण वाचला?"

म्हटलं, न्हावी, सर.

"कोणता न्हावी?"

एकोणिसाव्या प्रकरणातला.

तुम्हाला सांगतो, सरांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, मी तर त्याला पाडला होता. मग विचारलं, तू टाइप करत होतास तेव्हा तो आधीच वाचला होता का? आता मी काय सांगू? एकवीस वर्षांची नोकरी, दादा बाकावर, वहिनी वर एकट्या. मी म्हटलं, "सर, मी फक्त टाइप करतो."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "चाळीस वर्षं म्हणत आलो, पात्रं माझ्या हातात नसतात. मला काय माहीत, ती खरंच नसतात." आणि तेव्हापासून त्यांचं लिखाण ठप्प. सकाळी कागद घेऊन बसतात, "तो दारापाशी आला" असं लिहितात, आणि पेन खाली ठेवून वाट बघतात की तो आत येतोय का! मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण खरं सांगायची हिंमत होत नाही. आणि इकडं प्राध्यापकांच्या भाषणानं पुस्तक असं खपलं की प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतोय, काही दुरुस्त्या असतील तर कळवा म्हणतोय.

असो. पहिली प्रत मी दादाला दिली. पान उघडून दिलं, वाच म्हटलं, छापून आलंय, कठडा धरलास तू. त्यानं वाचलं. परत वाचलं. म्हणाला, सगळं वाचतो. तीन दिवस सलून अर्धं बंद ठेवून वाचत होता, मी आपला घरात बसून वाट बघतोय की आता येईल, मिठी मारेल, निदान बरं केलंस म्हणेल. लोक भावासाठी काय काय करतात, मी सव्वाशे पानं केली!

चौथ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात धाडधाड आवाज. दार उघडतो तर दादा, हातात पुस्तक, चेहरा लाल. "काय केलंस हे?" मी काही बोलणार तेवढ्यात समोरच्या दारातून वहिनी बाहेर आल्या, त्याला बघितलं, मला बघितलं, आणि डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बसा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाच महिन्यांनी हा माणूस बेचाळीस पायऱ्या चढून वर उभा होता, रागाच्या भरात, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"एकोणिसाव्यात माझा पाय मुरगळला, ठीक," दादा म्हणाला. "पुढं काय? विसाव्यात नदी. बाविसाव्यापर्यंत शाळेची निवडणूक. चोविसाव्यात कुणातरी मावसबहिणीचं लग्न, त्यात मला बोलावलंय का नाही तेसुद्धा लिहिलेलं नाही. एक माणूस येऊन विचारत नाही की पाय कसा आहे. आणि मेलो असतो तर अख्खं गाव रस्त्यावर आलं असतं. अकरा पानं होती माझी!" मग तो बोलतच सुटला, की तीस वर्षं लोकांच्या माना खाली करतोय, कुणी वर बघून माझं नाव विचारलं नाही, एका माणसानं पहिल्यांदा माझ्यासाठी गाव बंद केलं होतं, ते तू खोडलंस. आणि त्याचं बरोबर होतं हो. त्याला जगवायच्या नादात मी त्याला जगायला काही दिलंच नव्हतं. कठडा धरून सोडून दिला होता.

शेवटी म्हणाला, दुसऱ्या आवृत्तीत मला मार. आधी होतं तसं, जिन्यावरून. सरांची इच्छा नाही, नियती नाही, ही माझी इच्छा आहे.

वहिनी इतका वेळ दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांना मारणार असाल तर माझंही लग्न परत घाला."

दादा वळला. म्हणाला, कसलं लग्न? मग सांगावं लागलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "त्या कापडवाल्यात एवढं काय आहे?"

"सात वाजले की दुकान बंद करून घरी येतो," वहिनी म्हणाल्या. "रोज."

दादानं घड्याळाकडं बघितलं. मग खाली बघितलं, पायाखालच्या फरशीकडं, मग जिन्याकडं, आणि तेव्हा त्याला कळलं आपण कुठं आहोत. एकदम भिंतीला हात लावला. वहिनी आत गेल्या, ताट वाढल्याचा आवाज आला, दुसरं वाढल्याचाही आला. दादानं चपला काढल्या आणि तो आत गेला. दार लागलं. त्या दिवशी गल्लीला त्यांचं बोलणं काही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. वहिनी आणि मी वरच्या पायरीवर. दोन्ही हातांनी कठडा, एकेक पायरी, मोजत. सतराव्यावर थांबला. किती वेळ थांबला ते सांगता येणार नाही, वहिनींनी माझा दंड असा आवळला होता की वळ उठला. मग त्यानं पाय उचलला, तुटका कोपरा ओलांडला, आणि पुढं... अठरा, एकोणीस, वीस... खाली पोचला. वहिनी तिथंच पायरीवर बसून रडल्या. मीही रडलो, का खोटं बोलू.

आणि खालून हाक आली. म्हणे, ऐक रे, मी विचार बदलला! मारायचं राहू दे. मी म्हटलं, बरं झालं बाबा, सुटलो. तर म्हणतो कसा, "पण ती अंत्ययात्रा तेवढी परत घाल."

अरे दादा, माणूस मेला नाही तर अंत्ययात्रा निघणार कशी?

"ते तू बघ," म्हणाला. "लिहिणारा तू आहेस."

तर तीन दिवस झाले, बसलोय. नदी काढली. अकरा पानं परत घातली. अख्खं गाव दुकानं बंद करून रडत रस्त्यावर आलंय, शाळामास्तर भाषण करतोय, आणि सगळ्यांच्या पुढं, कंगवा कानामागे, लंगडत लंगडत न्हावी चाललाय... फक्त कोण गेलंय, तेवढं अजून ठरत नाहीये.